नमुन्याची बाटली

तुळशीदास गावचा पाणीवाला. घोडनदीकाठच्या विहिरीवरची मोटार चालू करायची, जंतू मारायची पावडर टाकायची, आळीआळीला पाणी सोडायचं, यात त्याची बावीस वर्षं गेली. तोवर वरच्या बाजारगावाची गटारं नदीत उतरली. उन्हाळ्यात पाण्याला फेस यायचा, वास सुटायचा. कुणी कुरकुरलंच, तर ग्रामसेवक म्हणायचा, "दर महिन्याला तपासणी होते ना? मग गप प्या."

२००७च्या वैशाखात गावात कावीळ शिरली. तुळशीदासची सून ज्योत्स्ना सात महिन्यांची गरोदर होती. आठवड्यात ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

तुळशीदास पेटून उठला. पाणी नासलंय हे पंचायतीतल्या मेल्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते दडवलं, अशी त्याची खात्रीच झाली. मुलाने, रुपेशने, माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पाच वर्षांचे तपासणी अहवाल द्या. महिनाभर टोलवाटोलवी झाली, मग कागद हातात पडले. साठही कागदांवर एकच शेरा होता, 'पिण्यास योग्य'.

"चोर साले!" रुपेश ओरडला.

तुळशीदासने मात्र कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. नमुना घेणारा म्हणून प्रत्येक कागदावर त्याचीच सही होती.

"बाटली इहिरीची नव्हती रं," तो म्हणाला. "शाळंमागच्या हातपंपाची व्हती. गावचं पाणी सायबाकडं जायचं. लेकीच्या सासरला कुणी किडकी ज्वारी धाडतं का? म्हटलं, गावाची अब्रू हाय, चांगलं भरून द्यावं."

तपासणी कशासाठी असते, हे बावीस वर्षांत त्याला एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं.

बापाची सही कुणाला दिसू नये म्हणून रुपेश कागद फाडायला निघाला. तुळशीदासने ते हिसकावले आणि ग्रामसभेत उभं राहून सगळं कबूल केलं. सभेला आयताच बकरा मिळाला. पाणीवाल्याला काढून टाकायचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. गटारांबद्दल कुणी ब्र काढला नाही.

नव्या माणसाने पहिल्यांदाच खरोखर विहिरीची बाटली भरून दिली. पंधरा दिवस वाट पाहून तुळशीदास पंचायतीत गेला. "काय आलं, भाऊसाहेब?"

"अर्ज करा," ग्रामसेवक मान वर न करता म्हणाला. "महिना लागेल."

बाहेर आळीला पाणी सुटलं होतं. तुळशीदास नळाकडे धावला. "पिऊ नका गं बायांनो, लई वंगाळ पाणी हाय!"

रांगेतल्या गोजरबाईने हंडा नळाखाली सारला. "इतकी वर्सं तुमीच पाजलं की, तुळशीदासभाऊ."