सितारामची झाकलेली पेटी

सेलूच्या जिनिंगमध्ये मी हेडक्लार्क आणि सिताराम काट्यावर. कापसाची गाडी आली की तो आधी शेतकऱ्याला हाक मारून रिकामा काटा दाखवायचा आणि मगच वजन करायचा. मला तो 'नमस्कार' म्हणे, त्याच्या ख्रिस्ती उपासना मंदिरातल्या माणसांना 'सलाम' आणि मावसभाऊ लिंबाजीला 'जय भीम'. तिन्ही त्याच्या तोंडी सारखेच सहज यायचे.

दर डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, नाताळाच्या गाण्यांच्या सरावासाठी तो संध्याकाळी अर्धा तास लवकर सुटायचा. १९९० साली मी परवानगी दिली आणि म्हणालो, "मीही येतो. रोज एवढं करता तरी काय, ते बघू दे."

"या की साहेब. पण पयल्या आठवड्यात गाणं ऐकायला मिळणार न्हाई."

"मग काय करता?"

"बोलतो."

ते खरंच निघालं. स्टेशनच्या पलीकडे पत्र्याचं मंदिर, सतरंजीवर चौदा माणसं आणि कोपऱ्यात खोळ घातलेली बाजाची पेटी. सरावाची सूत्रं सुलाबाईंकडे होती. सरकारी दवाखान्यातून दाई म्हणून निवृत्त झालेल्या या बाई सगळ्यांत वडील. त्यांचा नियम असा, की जो गाणं पुढं होऊन म्हणणार, त्यानं त्यात काय आहे ते आधी आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. सांगता आलं नाही तर ते गाणं त्या वर्षी नाही.

मी कारण विचारलं.

"सूर तर बँडवाले बी लावतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "सणाला नुसता सूरच वाजायला लागला तर ज्याचा सण हाय तो भाईर उभा ऱ्हातो."

शाळेत शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंनी मेंढपाळांचं गाणं सांगितलं. देव जन्मला ही बातमी राखणीला जागणाऱ्यांना आधी कळली, झोपलेल्यांना मागाहून. "म्हंजे बाई, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना कळणारच न्हाई," कुणीतरी म्हणालं, आणि त्यासुद्धा हसल्या.

मग सिताराम उठला. नाताळाच्या उपासनेतलं शेवटचं गाणं बावीस वर्षं त्याचं होतं. तो पेटीवर आणि लिंबाजी ढोलकीवर.

"देवदूत म्हणतात, माणसामाणसांत शांती असो..." एवढं बोलून तो थांबला आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सुलाबाई म्हणाल्या, "रविवारपातूर सांग, सिताराम. न्हाई तर यंदा हे गाणं ऱ्हाऊ दे."

परतताना मी विचारलं तेव्हा त्यानं एप्रिलची हकीकत सांगितली. लिंबाजीचं घर बौद्ध. नाताळाला तो मंदिरात ढोलकी वाजवी आणि चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, सिताराम तिकडे पेटी वाजवी. यंदा उत्तम शुक्रवार तेरा तारखेला आला. ख्रिस्ताच्या मरणाच्या त्या दिवसापासून रविवारच्या पहाटेपर्यंत या मंदिरातले लोक पेटीला हात लावत नाहीत. जयंती नेमकी मधल्या शनिवारी, तीही शताब्दी वर्षाची. पेटी बंद आहे, जमणार नाही, असा सितारामनं निरोप धाडला. तेव्हापासून आठ महिने दोघांत बोलणं नव्हतं.

"मग काय नियम मोडायचा होतास?" मी म्हणालो. मला तर त्याचं काही चुकलेलं दिसेना.

"न्हाई साहेब. पेटी बंदच ऱ्हाणार. मग चुकलं कुठं, तेच कळंना गेलंय."

आता मलाही ते कळून घ्यायचं होतं. रविवारी दुपारी आम्ही लिंबाजीकडे गेलो. तो ओट्यावर पेपर वाचत होता.

"जय भीम, लिंबाजी."

"जय भीम. बसा साहेब. तू बी टेक, उभ्या उभ्या बोलायला पोस्टमन हायस काय?"

सिताराम बसला. "ते पेटीचं तुला म्हाईत हाय. ते तीन दिवस आमी..."

"बावीस वर्सांपासून म्हाईत हाय. पेटी मागितली कुणी तुला?" लिंबाजीनं पेपरची घडी केली. "पेटी बंद हुती, हात बी बांधले हुते काय? येऊन म्होरं बसला असतास. टाळ्या वाजवल्या असत्यास. मी चारचौघांत सांगितलं असतं, ह्याच्या घरी दुखवटा हाय तरी आला. तर तू निरोप धाडलास, त्यो बी चपराशाकडून."

आतून त्याची बायको मालनबाई म्हणाली, "आठ म्हैने झाले, हेच पुरान ऐकायलेय मी. आता तरी मिटवा, भावजी."

सिताराम लिंबाजीकडे सरकून बसला. मग म्हणाला, "माझं चुकलं. पेटीचं न्हाई. न येण्याचं."

"बघू," लिंबाजी म्हणाला आणि मला कापसाचा भाव विचारू लागला.

त्या संध्याकाळी सरावात सिताराम उभा राहिला. "देवानं आधी लय निरोप धाडले. मग स्वतः आला. तवा देवदूतांनी शांतीचं गाणं म्हटलं. मी निरोपावरच थांबलो हुतो." एवढंच बोलला.

"खोळ काढ," सुलाबाई म्हणाल्या.

नाताळाच्या सकाळी मी मंदिरात मागच्या बाजूला बसलो होतो. ढोलकीची जागा रिकामी होती. तिथं दुसऱ्या कुणाला बसवायचं सितारामनं नाकारलं होतं. शेवटच्या गाण्याआधी त्यानं दोनदा दाराकडे पाहिलं आणि सूर धरला. पहिली ओळ संपता संपता लिंबाजी आत आला. चपला दाराशी काढून तो सितारामशेजारी बसला. त्याचे हात मोकळे होते.

"ढोलकी?" सितारामनं पेटी न थांबवता विचारलं.

"घरी हाय," लिंबाजी म्हणाला आणि टाळ्यांनी ठेका धरला. दुसऱ्या ओळीला सुलाबाईंचे हात लागले, तिसरीला माझे.

नंतर चहा-करंज्या चालल्या होत्या तेव्हा मी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडून पुढच्या वर्षांच्या सणांच्या तारखांचा तक्ता मागून घेतला. असा योग पुन्हा कधी, ते मला बघायचं होतं. १९९५ साली चौदा एप्रिल उत्तम शुक्रवारीच येतो. मी दोघांना दाखवलं.

"दुपारी तीनपातूर मी उपासनेत," सिताराम म्हणाला. "मग तुझ्याकडं."

"मोकळ्या हातानं ये," लिंबाजी म्हणाला. "अन् साहेब, तवा तुमी रिटायर झालेले असाल. दोन्हीकडं या."

माझ्या निवृत्तीला आता वर्षभर उरलं आहे. दर वर्षी नवी डायरी आणली की ती तारीख मी पहिल्या पानावर उतरवून ठेवतो.