बोटीच्या रंगाची कणगी

एका म्हाताऱ्या बोटीवर मी सवतीसारखी जळले आणि त्या रागात वर्षभराची नागली, म्हणजे नाचणी, नासवली. आज लेकाने लोखंडी दाराला लाल रंग लावला. त्या वासाने साखरशेत गावातली तेव्हाची मी, ती पोरगी आठवली, अक्कल कमी आणि नाक फुगलेलं.

नवरा तेव्हा मुंबईच्या गोदीत नौदलाच्या बोटींचा गंज खरवडायचा. दिवाळीला घरी आला तरी तोंडात एकाच बोटीचं कौतुक. "वय झालंय तिचं, पण डागडुजी करून रंगवली, की उद्या लढाईला उभी राहील." माझ्याकडे त्याने इतकं निरखून कधी पाहिलं होतं?

गोदीत उरलेला डबाभर लाल रंग त्याने आणला होता. तो परत जाताच मी धान्य साठवायची बांबूची कणगी शेणाने लिंपायची सोडून त्या रंगाने आतून-बाहेरून माखली, नटू दे माझंही घर! मग तिच्यातच नवी नागली ओतली.

शिमग्याला नवरा आला, तेव्हाच ती कणगी पहिल्यांदा उघडली. रंगाचा वास मारणाऱ्या भाकरीचा पहिला घास तोंडात तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी निरखून.

"अगं, तिकडं गंज खरवडताना तुझी भाकरी आठवायची, म्हणून दिवस निघायचा. आता भाकरीतही बोटच घातलीस, तर मी घरी यायचं कुणासाठी?"