रागावर कड्याचं चंदन

आमच्या घरात बिनपोच्याचा तांब्या शोधून सापडायचा नाही, इतका माझा राग नावाजलेला. वरण खारट झालं म्हणून शेवटचा तांब्या भिंतीवर गेला, तेव्हा बायको बोचकं बांधून तलवाड्याला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "डोस्कं थंड झालं की न्यायला या. न्हाई झालं, तर येऊ नका."

गल्लीतल्या हकीमसाहेबांनी नाडी पाहून पित्त डोक्यात चढल्याचं सांगितलं. उपाय चंदनाचा वास. कडा गावी एका देशमुखांकडे चंदनाच्या ओंडक्यांची कोठी आहे, तिथं भलेभले तापट लोक निवून येतात म्हणे. मी कचेरीत रजेची अर्जी दिली.

तुम्हाला जायचं असेल तर बीडहून छकडा ठरवा आणि पहाटेच निघा. मांजरसुंब्याचा घाट उन्हाआधी चढला तर बैलांचे हाल होत नाहीत. भाकरी-ठेचा घरचाच बांधून घ्या. हाली शिक्क्यासोबत थोडे इंग्रजांचे कलदार रुपयेही ठेवा, कारण कड्याला इंग्रजी हद्द जवळ आणि तिथले दुकानदार निजामाचा रुपया नाक मुरडून घेतात.

सराव म्हणून मी वाटेत दिसेल त्या लाकडाला नाक लावत होतो. बाभळीच्या जुवाला नुसता घामाचा वास. लिंबाच्या ताज्या तोडलेल्या फांदीनं मात्र छाती हलकी झाली, खोटं कशाला बोलू! गाडीवान तुळशीराम बराच वेळ बघत होता.

"सायेब, लाकडाच्या वासानं राग जात असता तर समदे सुतार संत झाले असते. आमच्या गावचा सुतार गिऱ्हाइकाला रंधा फेकून मारतो."

मी त्याच्यावर खेकसलो. औषध अजून सुरू व्हायचं होतं.

कड्याच्या कोठीत माझ्याआधी एक जमादार आणि एक शाळामास्तर डोळे मिटून बसले होते. वास खरोखर गोड, गार. श्वास आपोआप लांबला, खांदे उतरले, आवळलेला जबडा सुटला. खारट वरणाबद्दलही मला माया वाटू लागली. तेवढ्यात मोठ्या ओंडक्याशेजारी कोणी बसायचं यावरून जमादार आणि मास्तरांची जुंपली. मी समजूत घालायला गेलो आणि मास्तरांची पगडी माझ्या हातात आली. आरडाओरडा ऐकून देशमुख धावत आले.

"चंदनाला धक्का लागला तर एकेकाचं तंगडं मोडीन बे!"

हे गृहस्थ रोज सकाळी तासभर या कोठीत बसतात! बाहेर आल्यावर अंगण झाडणाऱ्या भिवाबाईला मी विचारलं, "मालकांना काहीच गुण नाही का?"

"न्हाई कसा? लई गुण हाय. मालक आत बसतेत तेवढा येळ आमी निवांत भाकर खातो."

मी हसलो खरा, पण परतीच्या वाटेवर ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. नजराणा दिल्यावर देशमुखांनी दिलेली चंदनाची ढलपी खिशात होती. बीड मागे टाकून छकडा सरळ तलवाड्याला नेला.

बायको दारातच उभी होती. "झालं का डोस्कं थंड?"

"वास होता तोवर होतं," मी म्हणालो, आणि भिवाबाईचं बोलणं तिला सांगून टाकलं. ती दाराची चौकट धरून पोटभर हसली. मग ढलपी हुंगून म्हणाली, "येते मी. पर आवाज चढला की हे लाकूड घेऊन गोठ्यात बसायचं. मी हाक मारीन तवाच आत यायचं."

कबूल केलं. न करून सांगतो कुणाला?

आता माझा बराचसा मुक्काम गोठ्यात असतो. शेणापुढे चंदनाचं फारसं चालत नाही, तरी नाकाशी धरलं की श्वास लांबतो. नवा तांब्या अजून गुळगुळीत आहे. हकीमसाहेब स्वतःची पाठ थोपटून घेतात.

काल असाच बाहेर बसलो असताना आतून जात्याची घरघर आली आणि तिच्यावर ओवी. आवाज इतका गोड, की आधी वाटलं शेजारीण आली असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायको गाते हे मला ठाऊकच नव्हतं. राग केव्हाच उतरला होता. तरी मी उठलो नाही. मी आत गेलो असतो तर ती थांबली असती.