देवस्थळीच्या डब्यातली ज्वारी

कबुतराची घाण पडताना कोणी बघत नाही. एक दिवस मान वर करावी, तर पत्र्याखालचा अख्खा पाइप पांढरा झालेला असतो. आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठले. कबुतरं आली ती हेडक्लार्क देवस्थळीमुळे. हा माणूस रोज सकाळी डब्यातली मूठभर ज्वारी खिडकीत टाकायचा, पुण्य म्हणून. पुण्य त्याचं, टेबलं आमची.

फॅक्टरी तळोज्याची, केमिकलची. एस.वाय.ला मी कॉलेज सोडलं तेव्हा वडिलांनी बोलणं टाकलं. मग त्यांनीच आपल्या ओळखीच्या मॅनेजरपुढे वाकून मला डिस्पॅचला चिकटवला. पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं 'कॉलेज'. ते ज्यानं पाडलं, तोच हा देवस्थळी. इंग्रज गेले हे या माणसाला कोणी कळवलंच नव्हतं.

त्याची एक पद्धत होती. सोमवारी चहाच्या वेळी फळ्यावर एक इंग्लिश शब्द लिहायचा. प्रत्येकानं त्याचं वाक्य करायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे, स्वतःच्या आयुष्यातलं. 'रामा आंबा खातो' चालणार नाही.

आम्ही नाइलाजानं बसायचो. हौसेनं यायचा तो एकटा परशुराम, लोडिंगवरचा हेल्पर. फॅक्टरीचा प्लँट उभा होता तिथं पूर्वी त्याच्या बापाचं भातशेत होतं. जमीन गेली, बदल्यात ही नोकरी मिळाली. त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. "मॅनेजरशी बोलाया इंग्लिश लागतं," म्हणायचा, आणि हात पुसत पुढच्या बाकावर बसायचा.

*

एका सोमवारी शब्द आला 'पिजन'. कारणही घडलं होतं. भिंतीवर टपालासाठी लाकडी खण होते, त्यातल्या मॅनेजरच्या खणात कबुतरानं अंडं घातलं. देवस्थळीला आनंद मावेना. म्हणाला, या खणांना इंग्लिशमध्ये पिजनहोलच म्हणतात. आणि माणसावर एकदा शिक्का मारून त्याला खणात कोंबला, की तेही पिजनहोल करणंच.

टायपिस्ट सावंतबाई म्हणाल्या, "सर पिजनहोल मी अ‍ॅज टायपिस्ट. आय अ‍ॅम बी.ए." देवस्थळीनं वाक्याला शाबासकी दिली. बढतीचं काही बोलला नाही.

मग स्टोअरकीपर गायकवाड. मराठवाड्यातले, बौद्ध, बोलायचे कमी. म्हणाले, "आमच्या गावात खण आधीच ठरलेला असतो, साहेब. आडनाव विचारलं की सापडतो."



देवस्थळी म्हणाला, "इंग्लिशमध्ये सांगा."

अडचणीचं काही निघालं की त्याचं हेच उत्तर असायचं.

*

शब्द एका आठवड्यात संपेना. इंग्रजांनी या पक्ष्याला कुठं कुठं जुंपलाय याला हिशेब नाही.

मेडिकलला डॉक्टर आला. गायकवाडांच्या छातीचं हाड पुढं आलेलं होतं. डॉक्टर पुटपुटला, "पिजन चेस्ट." ते देवस्थळीनं ऐकलं, आणि चहाला सगळ्यांसमोर फळ्यावर काढलं, वर गायकवाडांकडे बोट दाखवून.

गायकवाडांनी शांतपणे चहा संपवला. "माझी निदान दिसते तरी, साहेब. तुमची पोटाच्या मागं कुठं आहे का बघा."

सावंतबाईंना ठसका लागला. इंग्लिशमध्ये सांगा म्हणायची त्या दिवशी देवस्थळीची हिंमत झाली नाही.

*

त्याचं सगळ्यात लाडकं वाक्य मात्र 'नॉट माय पिजन'. म्हणजे हे माझं काम नाही, माझ्याकडे येऊ नका. पंखा बंद, नॉट माय पिजन. संडास तुंबला, नॉट माय पिजन.

लोडिंगच्या पोरांचे हात ड्रममधल्या पावडरीनं सोलून निघायचे. परशुराम हातमोजे मागायला मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, हेडक्लार्कला विचार. हेडक्लार्क म्हणाला, नॉट माय पिजन.

मी तिथंच होतो. म्हटलं, "मग आहे तरी कोणाचं ते कबूतर? सांगा एकदा, पकडून आणतो."

"तू कॉलेज का सोडलंस ते आज कळलं," देवस्थळी म्हणाला.

*

पुढच्या सोमवारी परशुराम सगळ्यांच्या आधी उभा राहिला. वाक्य घोकून आला होता. "युनियन इज माय पिजन. ऑन संडे वी मीट बिहाइंड द टेंपल."

एक चूक नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

"व्हेरी गुड," देवस्थळी म्हणाला. "आता दुसरं वाक्य. हू इज 'वी'?"

परशुरामनं दुसरंही वाक्य केलं. खरं वाक्य. लोडिंगच्या चार पोरांची नावं, मध्ये मध्ये 'अँड' घालून. देवस्थळीनं त्याला बशीतलं बिस्किट दिलं.

रविवार उजाडलाच नाही. बुधवारी परशुराम आणि ती चार पोरं गेटवर आली, तर त्यांना आत घेतलं नाही.

*

नावं मॅनेजरला पोचवल्याचा संशय आला तो माझ्यावर. मॅनेजरच्या ओळखीतला मीच ना. गायकवाड डब्यातली चटणी माझ्यापुढं सरकवायचे, ते थांबलं. सावंतबाई माझं टपाल टेबलावर टाकून न बोलता जायच्या. गेटबाहेर लोडिंगच्या एका पोरानं माझ्या पायापाशी थुंकून दाखवलं.

घरी वडिलांना सांगितलं. ते पेपर न हलवता म्हणाले, "बरं झालं, तू त्यात नव्हतास." पोराला सगळे फितूर म्हणतात याचं काही नाही. नोकरी टिकली ना. ही आपली वडीलधारी पिढी.

देवस्थळीला तोंडावर विचारलं, मॅनेजरला कोणी सांगितलं? तो ज्वारीचा डबा बंद करत म्हणाला, "नॉट माय पिजन."

*

त्यानंतरच्या सोमवारी तो यायच्या आत मीच खडू घेतला. त्याच्याच जाड्या डिक्शनरीतून शोधलं होतं. फळ्यावर लिहिलं, 'स्टूल पिजन'.

सगळे जमल्यावर अर्थही मीच सांगितला. पारधी एक कबूतर पायाला दोरी बांधून ठेवतो. त्याच्यापुढं दाणे टाकतो. ते निवांत खात बसतं. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, आपलंच आहे, इथं भीती नाही. थवा उतरतो, आणि वरून जाळं पडतं. आपल्या लोकांच्या खबरा वर पोचवणाऱ्याला इंग्लिशमध्ये हेच नाव आहे.

"पहिलं वाक्य तुमचं, साहेब," मी म्हटलं. "खरं पाहिजे."

देवस्थळी चष्मा पुसत बसला. पुसून झाला तरी पुसत होता.

दारात कोणीतरी हललं. परशुराम. वॉचमन त्याच्याच गावचा, त्यानं सोडला असणार. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला तशी गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं, सावंतबाईंनीही. आता हा माझी कॉलर धरणार. मी उठून उभा राहिलो.

तो माझ्या शेजारून पुढं गेला. खिडकीतला डबा उचलला, झाकण काढलं, आणि सोललेल्या हातानं मूठभर ज्वारी देवस्थळीच्या टेबलावर ओतली. बशीच्या बाजूला, नीट, एक दाणा खाली न सांडता.

"खा, साहेब," तो म्हणाला. "का इंग्लिशमदी सांगू?"