लांबूनच सांग

"हात लावू नकोस. लांबूनच सांग."

साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला. माऊसकडं नेलेला हात मी मागं घेतला. बारामतीजवळचं ऊस संशोधन केंद्र. पुढ्यात साहेब आणि आणखी अकरा शास्त्रज्ञ, सगळे पीएच.डी. त्यांना एक्सेल शिकवणारी मी, कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर.

पहिल्याच दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. कऱ्हाटी म्हटल्यावर, "कऱ्हाटीत कुठं राहता तुम्ही लोक?" मी सांगितलं. त्यांना हवं ते कळलं. तेव्हापासून माझी खुर्ची दाराजवळ.

मी गिळलं. लाज वाटते सांगायला, पण गिळलं. कंत्राटाची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढीचा कागद साहेबांच्या सहीनंच जायचा.

तर लांबूनच सांगितलं. "सर, आधी सगळा तक्ता निवडा. मग सॉर्ट करा."

साहेबांनी एकटा वजनाचा कॉलम निवडला. बाकीचे कॉलम बरोबर घेऊ का, असं कॉम्प्युटरनं विचारलंसुद्धा. त्यांनी नको म्हणून टाकलं. उसाच्या वाणांची नावं जागेवर राहिली, वजनं वरखाली झाली.

"सर, चुकलं. मागं घ्या."

"तू मला शिकवणार?"

सगळे हसले. शिकवायलाच तर उभी होते मी तिथं! त्यांनी फाईल तशीच सेव्ह केली.

पंधरा दिवसांनी तोच तक्ता अहवालात गेला. शेतात सगळ्यात हलका भरलेला वाण कागदावर पहिला आला. वरून विचारणा झाली. साहेबांनी मला बोलावून टाईप केलेला कागद पुढं सरकवला. 'डेटा भरताना माझ्याकडून चूक झाली.' खाली माझं नाव.

"सही कर. मुदतवाढीचं मी बघतो."

दारात उभे असलेले शिपाई आबा हळूच म्हणाले, "कर पोरी सही. घरात कमवतं दुसरं कोण हाय?"

आबांचं खोटं नव्हतं. मी पेन उचललं. आणि डोक्यात सणक गेली. कामाला माझा हात चालत नाही, चुकीला बरा चालतो!

"न्हाय करणार." वर्षभर जपून बोललेली शुद्ध भाषा गेली उडत. "अकरा जणांसमोर तुमी मला हात लावू दिला न्हाय. मग चूक माझी कशी?"

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, चूक साहेबांची आहे, अकरा जण साक्षीला आहेत. खाली सही केली. आवक टेबलावर नेऊन शिक्का मारून घेतला.

अकरातला एकही साक्षीला पुढं आला नाही. मुदतवाढ आली नाही. आता भवानीनगरला एका दुकानात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देते. त्या कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. केंद्राच्या वर जेवढ्या कचेऱ्या आहेत तेवढ्या सगळ्या चढणार आहे. एकानं हाकललं तर दुसरीकडं. ती चूक साहेबांच्या नावावर लागेपर्यंत मी त्यांना सोडणार नाही.