हळदीकुंकवाचा मैलाचा दगड

रस्त्याकडेला मैलाचा दगड दिसला की रायर सायकलवरून उतरायचे, खांद्यावरच्या पंच्यानं त्याचं डोकं पुसायचे आणि विचारायचे, "काय रे, बरा अहेस की?" माणसांची चौकशी त्यानंतर.

रायर म्हणजे तंजावरकडचे मराठी. चेन्नईत त्यांना तसंच म्हणतात. रस्ते खात्यात दगड रंगवता रंगवता ते निवृत्त झाले होते. मी आठवीतून शाळा सोडलेला, जालन्याचा जेसीबीवाला. चेन्नईत शोळिंगनल्लूरपुढे रस्ता रुंद करायचं काम होतं; रायर तिथं रोज चक्कर मारायचे. मुकादम ओरडला की मी निमूट मशीन सुरू करायचो. पहिल्याच दिवशी रायरांनी विचारलं, "तंबी, जेवलास की?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. कितीक महिन्यांनी मराठी कानावर पडली. त्या एका प्रश्नावर मी विकला गेलो.

जेवणाच्या सुट्टीत ते मला दगडांवरची तमिळ अक्षरं शिकवत, वर इतिहास सांगत. "इथं मिठाच्या गाड्या थांबत. त्या पुढच्या दगडाला एका नवरदेवानं बैल बांधला. जाताना बैल नेला, बायको विसरला."

"खरंच?"

"दगडाला विचार. नाही म्हणतो काय तो?"

एका सकाळी मुकादमानं नेमका रायरांचा सगळ्यात जुना दगड दाखवला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "दुपारपर्यंत उखडून फोड. नाहीतर उद्या येऊ नको." रायरांनी ऐकलं, सायकल वळवली आणि निघून गेले. मला वाटलं, तुटलं आपलं.

अर्ध्या तासात परतले ते हळद, कुंकू, कोहळा आणि झेंडूचा हार घेऊन. तुम्ही तिकडे राहिला असाल तर पाहिलं असेल, आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तिथले रस्ताकामगार मैलाच्या दगडाचीही पूजा करतात. पण तो सण चार महिने लांब होता.

"रायर, आज कसली पूजा?"

"मशीन बंद कर. चपला काढ. तोंड मिट."

दगड पिवळाधमक झाला. कापूर पेटला. बसमधल्या बायका खिडकीतून हात जोडू लागल्या. दोघी तर उतरल्याच. मुकादम तावातावानं आला, कापूर पाहून थबकला आणि गुपचूप बूट काढले. "कुठला देव?" एवढी तमिळ मला कळत होती.

"रस्त्याचा," रायर गंभीरपणे म्हणाले. "फार रागीट."

मुकादमानं कपाळ पुढे केलं. कुंकू लावून घेतल्यावर माझ्यावर खेकसला, "हळू उचल! कडेला नीट बसव!" इतकं जपून मी पोटच्या पोरालाही कधी उचललं नसेल.

पुढे काम सिरुसेरीकडे सरकलं, मग मी गावी आलो. काही वर्षांनी पुन्हा तिकडे गेलो, तर दगडावर पत्र्याचं छप्पर, घंटा, आणि दगडाला चक्क हिरवी साडी! पुजाऱ्याला रायरांबद्दल विचारलं.

"ते गेले हो मागच्या वर्षी. थोर माणूस. ही देवी त्यांच्याच स्वप्नात आली होती."

मी मान डोलावली. साडीच्या काठाखालून मैलांचा आकडा डोकावत होता. पुजाऱ्याची पाठ वळताच मी काठ ओढला आणि तो नीट झाकला.