भाड्याचा गाऊन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, तर कुसुम वाघ बाईंचे. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. "गृहपाठ चुकवलास तर माझी रास वृश्चिक आहे, लक्षात ठेव," असं त्या दरडावत. आमच्या घरात दहावी कुणी पाहिली नव्हती. मी सिल्वासाला कारखान्यात निघालो तेव्हा त्या एसटीच्या खिडकीपाशी आल्या. "बी.कॉम. सोडू नको. आणि पदवी मुंबई विद्यापीठाच्या त्या जुन्या दगडी इमारतीत उभं राहून घे. टपालाने येते ती नुसती पावती." त्यांचं स्वतःचं शिक्षण मास्तरकीच्या ट्रेनिंगपाशीच थांबलं होतं.

पाळ्या सांभाळत बाहेरून बी.कॉम. व्हायला सहा वर्षं लागली. पदवीदानाच्या दिवशी रजा मागितली, तर नेमकी त्याच दिवशी मालाची गाडी रवाना व्हायची होती. सुपरवायझर म्हणाला, "डिग्री भागी नहीं जाय भाई, गाडी अटकी जशे." पदवी टपालाने आली.

मग सिल्वासातल्याच किलवणी नाक्यावरच्या स्टुडिओत भाड्याचा गाऊन घालून फोटो काढला. मागच्या पडद्यावर कमानी रंगवल्या होत्या. "हसो ने, पास थया छो, जेल नथी थई!" फोटोवाला म्हणाला. फोटो बाईंना पाठवला. त्यांनी तो मुंबईचाच समजून शाळेच्या भिंतीवर लावला. फोनवर विचारलं, "तिथे मोठी रंगीत काच आहे म्हणतात, खरं का रे?"

"हो बाई. लाल-निळी."

गेली बारा वर्षं त्या नव्या मुलांना हेच सांगतात.

मागच्या महिन्यात कंपनीच्या कामाने मुंबईला गेलो आणि उरलेल्या तासाभरात त्या इमारतीपाशी पोचलो. पहारेकऱ्याला सांगितलं, इथली पदवी आहे माझी, आत कधी आलो नाही. "मग इतके दिवस होतात कुठे?" म्हणत त्याने पाच मिनिटं सोडलं. टोकदार कमानी, लाकडी सज्जे, आणि उंचावर चाकासारखी गोल काच. पाय भरून आले होते, खुर्चीत बसलो. आनंद व्हायला हवा होता. नुसतं थकल्यासारखं झालं.

सिल्वासाच्या डोकमर्डीत माझ्या दोन खोल्या आहेत. मुली आपसांत गुजराती बोलतात. आई-वडील गेले, गावातलं घर विकलं. गाव म्हणून माझी उरली आहे ती शाळेची भिंत, आणि तिच्यावर मी खोटा टांगलेला आहे. परतल्यावर पत्र लिहिलं:

"बाई, सा. न.
काच नुसती लाल-निळी नाही. तिच्या कडेने बारा राशी आहेत. तुमचा विंचूही सापडला. आधी सांगितलं नाही, कारण तेव्हा मी तिथे गेलोच नव्हतो. फोटो सिल्वासाचा, गाऊन भाड्याचा. भिंतीवरून काढलात तरी चालेल. दिवाळीत गावी यायचं म्हणतो. येऊ ना?
तुमचा, दिलीप"